भीमथडी, मारवाडी, काठेवाडी: घोड्यांच्या पोटातल्या जिवाणूंची तुलना करताना काम कुठल्या क्रमानं करायचं

गेल्या दोनेक वर्षांत बऱ्याच पोरापोरींनी मला त्यांचा डेटा बघायला पाठवला, कुणी व्हेटर्नरीचं कुणी मायक्रोबायोलॉजीचं, आणि जवळपास सगळ्यांची चूक एकच. भीमथडी घोडे घेतलेत एका धनगर वाड्यावरचे (म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या तळावरचे), मारवाडी घेतलेत एका स्टड फार्मवरचे, दोन्हीकडची लीद गोळा केली, सिक्वेन्सिंग केलं (म्हणजे लिदीतल्या जिवाणूंचा डीएनए वाचला), ग्राफवर ठिपक्यांचे दोन गठ्ठे सुटसुटीत वेगळे आले आणि खाली लिहिलं "जातीनुसार फरक दिसला". आता ह्यात जात किती, हरळी किती आणि चंदी (दाण्याचा खुराक) किती हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. मीही पहिल्यांदा हेच केलंय, पेढेसुद्धा वाटले होते, त्यामुळे हसत नाहीये. पण हे नंतर कुठल्याच सॉफ्टवेअरनं दुरुस्त होत नाही म्हणून पहिल्या टप्प्यावरच जास्त लिहितोय.

## १. लिदीला हात लावायच्या आधी घोडे ठरवा

घोड्याच्या मोठ्या आतड्यातले जिवाणू मुख्यतः खाण्यावर नाचतात. घोडा गवत पचवतो तो अंधनाल (मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेली पिशवी) आणि मोठ्या आतड्यात, पोटात नाही, आणि तिथं पोचणारा माल बदलला की तिथली वस्ती बदलते. कोरड्या कडब्यावरचा घोडा आणि लसूणघासावरचा घोडा एकाच आईचे असले तरी लीद वेगळी दिसेल. म्हणून जातीचा फरक शोधायचा असेल तर जात सोडून बाकी शक्य तितकं सारखं पाहिजे.

सगळ्यात चांगलं म्हणजे असे तबेले शोधा जिथं दोन्ही जाती एकाच छताखाली, एकाच मोतद्दाराच्या हातचं खातायत. मारवाडी आणि काठेवाडी एकत्र असलेले तबेले महाराष्ट्रात सापडतात, भीमथडी सोबत असलेले कमी, पण धनगरांकडून विकत आणलेली भीमथडी घोडी मारवाड्यांशेजारी उभी आहे असं पुणे, सोलापूर, सातारा, अहिल्यानगर पट्ट्यात विचारत फिरलात तर दिसतं. असे ४-५ तबेले, प्रत्येक ठिकाणी प्रत्येक जातीचे निदान ३ प्रौढ घोडे, एवढं जमलं तर ते एकाच फार्मवरच्या ४० घोड्यांपेक्षा कितीतरी भारी. कारण तुलना तबेल्याच्या आतल्या आत होते, बाहेरचा पाणी-माती-वैरणीचा फरक आपोआप कटतो.

असे तबेले नाहीच मिळाले तर दुसरा मार्ग: प्रत्येक जातीचे वेगवेगळ्या ५-६ जागांवरचे घोडे घ्या, म्हणजे निदान "एक फार्म विरुद्ध एक वाडा" असं होणार नाही. पण मग लिहिताना "जात आणि पाळायची पद्धत मिळून फरक" एवढंच लिहायचं, त्याच्या पुढं जायचं नाही. तिसरा मार्ग म्हणजे सगळ्यांना ४ आठवडे एकच वैरण एकच चंदी देऊन मग लीद घ्यायची. खाणं बदलल्यावर वस्ती स्थिरावायला दोन-तीन आठवडे तरी द्यायलाच लागतात, आणि हा बदल ८-१० दिवसांत हळूहळू करायचा, एकदम केलात तर पोटशूळ होईल आणि मालक तुम्हाला परत दारात उभं करणार नाही.

एक गोष्ट बहुतेकांच्या डोक्यात येत नाही. शिंगरू पहिल्या काही आठवड्यांत आईची लीद खातं, आणि तिथूनच त्याच्या पोटातली वस्ती बसते. म्हणजे तबेल्यात आणून ४ आठवडे सारखं खाऊ घातलं तरी लहानपणचा वाडा आत थोडाफार राहिलेला असू शकतो. त्याच तबेल्यात जन्मलेले घोडे मिळाले तर त्यांना आधी घ्या. आणि आई-पोर दोन्ही घेऊ नका, एकाच वळू घोड्याच्या सहा मुलीही घेऊ नका, कारण त्या सहा घोड्या असल्या तरी सहा स्वतंत्र नोंदी नसतात.

कुणाला वगळायचं: दोन वर्षांखालची, गाभण शेवटच्या महिन्यांतली, नुकती व्यालेली, गेल्या ३ महिन्यांत अँटिबायोटिक दिलेली, गेल्या २ महिन्यांत जंताचं औषध दिलेली, आणि गेल्या महिन्याभरात पोट दुखलेली.

खबरदारी: सारंगखेड्याला नाहीतर माळेगावच्या यात्रेत जाऊन एका दिवसात ५० सॅम्पल उरकायचा मोह सगळ्यांना होतो. करू नका. ट्रकमधून शेकडो किलोमीटर आलेला, वाटेत पाणी कमी प्यालेला, तिथं आल्यावर गिऱ्हाइकाला तुकतुकीत दिसावा म्हणून वेगळंच काही चारलेला घोडा, त्याची लीद त्याच्या रोजच्या पोटाबद्दल काही सांगत नाही. यात्रेत मालकांशी ओळखी करा, फोन नंबर घ्या, लीद घ्यायला नंतर त्यांच्या घरी जा.

चेक: कागदावर एक तक्ता काढा, आडव्या ओळीत तबेले, उभ्या रकान्यात जाती. एखाद्या जातीचे सगळे घोडे एकाच ओळीत पडत असतील तर इथंच थांबा.

## २. जात खरंच तीच आहे का

मालक सांगतो ती जात धरून चालायचं नाही. मारवाडी आणि काठेवाडी दोघांचेही कान आत वळलेले, टोकं जुळणारी, त्यामुळे कानावरून निकाल लावणं म्हणजे अंदाजपंचे. त्यात मिश्र पैदास भरपूर. नोंदणी असेल तर तिचा आणि मायक्रोचिपचा नंबर लिहून घ्या, आणि प्रत्येक घोड्याच्या आयाळीचे २०-३० केस मुळासकट उपटून कागदी पाकिटात ठेवा, म्हणजे पुढं वाद झाला तर त्यातून डीएनए मार्कर तपासता येतात. केस कापू नका, मूळ नसेल तर उपयोग नाही, आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, ओल धरते.

भीमथडीच्या बाबतीत जास्त जपायला लागतं. जातीची अधिकृत नोंद अलीकडची आहे, आणि वाड्यावरच्या प्रत्येक तट्टाला लोक आता भीमथडी म्हणायला लागलेत.

## ३. परवानग्या, आणि मालकाशी बोलणं

हा भाग कंटाळवाणा आहे, पटकन सांगतो. जमिनीवर पडलेली लीद उचलायची असली तरी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीला आधी लिहून विचारा, मागाहून जर्नलवाले मागतात तेव्हा धावपळ होते. गुदद्वारातून लीद काढायची असेल तर ते काम व्हेटचंच. सॅम्पल किंवा त्यातला डीएनए परदेशातल्या लॅबला पाठवायचा विचार असेल तर जैवविविधता कायदा २००२ लक्षात ठेवा, त्यात सूक्ष्मजीवही येतात, राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडं आधी जायला लागतं. मालकाची संमती मराठीत एका पानाची, त्याला वाचून दाखवलेली.

त्या भागात ग्लँडर्सची (घोड्यांचा एक संसर्गजन्य रोग) केस निघालीय का हे तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या. तो माणसाला होतो. नाकातून चिकट स्राव गळणारा किंवा अंगावर गाठी फुटलेला घोडा दिसला तर सॅम्पल राहू द्या, लांब व्हा आणि डॉक्टरांना कळवा.

## ४. फॉर्म भरणं: इथं आळस केला की पुढं सगळं आंधळं

"चारा: गवत" असं लिहिलेले फॉर्म मी पाहिलेत. गवत म्हणजे काय, हरळी, पवना, मारवेल, का ओढ्याकाठचं हिरवं काहीतरी? खाल्लेलं घोड्याच्या पोटातून बाहेर पडायला साधारण दीड ते तीन दिवस लागतात, म्हणून शेवटच्या ३ दिवसांचं खाणं वेगळं लिहा आणि महिनाभराचं वेगळं. वैरण कुठली, ओली का सुकी, किती पेंढ्या. चंदीत काय, हरभरा भिजवलेला का भरडलेला, जव, ओट्स, गव्हाचा कोंडा, गूळ, तेल. आणि किलोत लिहा. मालक "दोन मापं" म्हणाला तर ते माप मागून घ्या आणि तिथल्या तिथं काट्यावर तोला, मी एकदा "एक माप" म्हणून ७०० ग्रॅम आणि शेजारच्या तबेल्यात "एक माप" म्हणून १,४०० ग्रॅम मोजलंय.

वजनही काढा. घोड्याला काट्यावर उभं करायला मिळत नाही, पण मऊ लांब टेप पुरते: छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी, भागिले ११,८८०. घेर १४५ आणि लांबी १३० असलेलं भीमथडी साधारण २३० किलोचं निघतं, घेर १७२ आणि लांबी १५० असलेला मारवाडी ३७४ च्या आसपास.

वजन कशाला? कारण एका वेळच्या खाण्यात दर किलो वजनामागं १ ग्रॅमपेक्षा जास्त स्टार्च गेला की तो लहान आतड्यात पुरता पचत नाही, उरलेला मागं मोठ्या आतड्यात सांडतो, तिथं स्ट्रेप्टोकोकस आणि लॅक्टोबॅसिलस त्याच्यावर तुटून पडतात, लॅक्टिक अॅसिड होतं, पीएच उतरतो आणि फायब्रोबॅक्टरसारखे गवताचा धागा फोडणारे मागं पडतात. वरच्या मारवाड्याला सकाळी एकदम २ किलो जव मिळत असेल तर त्यात हजार ग्रॅमच्या वर स्टार्च आहे, म्हणजे किलोमागं जवळपास ३ ग्रॅम. आणि वाड्यावरच्या भीमथडीला दाणा जवळपास शून्य. ह्या दोघांची तुलना करून तुम्हाला "मारवाडीत लॅक्टोबॅसिलस जास्त" असं दिसलं तर तो जवाचा शोध आहे.

बाकी रकाने: वय दातांवरून, घोडा का घोडी का खच्ची, शरीरयष्टीचा १ ते ९ गुण (१ हडकुळा, ९ लठ्ठ; दोन जणांनी स्वतंत्र द्यायचा आणि मग सरासरी), काम काय करतो, पाणी कुठलं, शेवटचं औषध कधी. धनगरांच्या घोड्यांसाठी आणखी एक: गेल्या महिन्यातला मुक्काम गावागणिक. दिवाळीनंतर वाडे कोकणाकडं उतरतात, पावसाच्या तोंडावर परत फिरतात, चारा आठवड्याला बदलतो. त्यामुळे सगळ्या जातींची लीद एकाच ऋतूत, शक्यतो एकाच पंधरवड्यात घ्या. मारवाड्यांची जानेवारीत आणि भीमथडींची ऑगस्टमध्ये घेतलीत तर तुम्ही हिवाळी-पावसाळी कुरणाची तुलना केलीत.

## ५. सामान आदल्या रात्री लावून ठेवा

- निर्जंतुक हातमोजे, प्रत्येक घोड्याला नवी जोडी
- निर्जंतुक चमचे किंवा लाकडी पट्ट्या, एकेक वेगळ्या पाकिटातल्या
- १५ मिलीच्या घट्ट झाकणाच्या नळ्या, प्रत्येक घोड्याला ३
- साठवणीचं द्रावण, आधीच मोजून नळीत भरलेलं
- बर्फाचे जेल पॅक आणि थर्माकोलची पेटी, आत थर्मामीटर
- पेन्सिल. हो, शिसपेन्सिल.

पेन्सिलीचं सांगतो. मार्करनं लिहिलेली नावं अल्कोहोलचा एक थेंब लागला की पुसतात, आणि थेंब लागतोच. एका ट्रिपहून परत आल्यावर माझ्या २६ नळ्यांपैकी ९ कोऱ्या निघाल्या होत्या. तेव्हापासून नळीच्या बाहेर चिकटपट्टीवर पेन्सिल आणि आत जाड कागदाचा तुकडा पेन्सिलीनं लिहिलेला, दोन्ही.

द्रावण कुठलं? लगेच उणे ८० अंशाला टाकता येत असेल तर काहीच नको, पण शेतावर तसं कुठून येणार. जिवाणूंचा डीएनए टिकवणारी तयार द्रावणं मिळतात ती उत्तम, महाग आहेत. स्वस्तातलं म्हणजे ९५ टक्के इथेनॉल, ते संस्थेमार्फत परवान्यानंच घ्यावं लागतं म्हणून महिनाभर आधी मागणी टाका. मेडिकलमध्ये मिळणारं ७० टक्के स्पिरिट नको, त्यात डीएनए नीट टिकत नाही.

खबरदारी: लिदीत जवळपास तीन-चतुर्थांश ते ८० टक्के पाणी असतं. ५ ग्रॅम लीद ५ मिली इथेनॉलमध्ये कोंबलीत तर तिच्यातलं ४ मिली पाणी मिसळून तुमचं ९५ टक्के अल्कोहोल ५३ वर येतं. २ ग्रॅम लीद १० मिलीत घातली तर ८२ च्या आसपास राहतं. म्हणून लीद कमी, द्रावण जास्त. आणि सगळ्या घोड्यांना एकच द्रावण, अर्धे अल्कोहोलात आणि अर्धे बर्फात असं केलंत तर दोन गठ्ठे द्रावणाचेच पडतील.

## ६. लीद घेणं

सकाळची चंदी द्यायच्या आधी पोचा, म्हणजे पहाटे साडेपाच-सहा. घोडा दिवसातून ८-१० वेळा लीद टाकतो त्यामुळे फार वाट बघायला लागत नाही, पण दावणीला पाच बांधलेले असतात तेव्हा कुठली कुणाची हा घोळ होतो. डोळ्यांसमोर पडलेलीच घ्यायची, "ही त्या घोडीचीच असेल" अशी घ्यायची नाही. मी स्टूल टाकून बसतो आणि एका वेळी दोनच घोड्यांवर नजर ठेवतो.

पडल्यापासून १५ मिनिटांच्या आत. वरचा एक गोळा निवडा, जो जमिनीला टेकलेला नाही. दोन्ही हातांनी मधोमध फोडा, ताजा असेल तर वाफ येते आणि आत गवताचे धागे पिवळट-हिरवे दिसतात. बाहेरच्या सालीला चमचा लावायचा नाही, आतल्या गाभ्यातून हरभऱ्याएवढे चार-पाच तुकडे तीन वेगवेगळ्या गोळ्यांमधून घेऊन एका नळीत, मग झाकण, मग दहा-पंधरा वेळा उलटसुलट. ढेकूळ तसंच राहिलं तर द्रावण आत पोचत नाही. तीन नळ्या करा: एक कामाची, एक राखीव, एक कुणी कधी मागितली तर.

थोडी लीद पाण्यात कालवून पीएच पट्टी किंवा मीटरनं तिथल्या तिथं मोजा. दोन मिनिटांचं काम आहे आणि स्टार्चवाल्या घोड्यांचा नंतर खुलासा करायला कामी येतं.

प्रत्येक तबेल्यावर एक नळी उघडून, चमचा हवेत फिरवून, आत बुडवून बंद करा. लीद न घालता. हा तुमचा रिकामा नमुना, ह्याचाही पुढं डीएनए काढायचाय.

लक्षात ठेवा: एका घोड्याच्या तीन नळ्या म्हणजे तीन घोडे नव्हेत. एका घोड्याची तीन दिवस लीद घेतली तरी विश्लेषणात तो एकच. ८ घोड्यांचे २४ नमुने करून "संख्या २४" लिहिलेला पेपर मी परीक्षणात परत पाठवलाय.

## ७. घरापर्यंत आणणं

पेटीत जेल पॅक, नळ्या उभ्या, झाकणाभोवती पॅराफिल्म (ताणून घट्ट बसणारी लॅबमधली पट्टी). इथेनॉल पेट घेतं, कुरियरवाले आणि विमानवाले घेत नाहीत, तेव्हा आपलीच गाडी. रात्री मालकाच्या घरच्या फ्रीजमध्ये ठेवायची वेळ आली तर खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीजरमध्ये नको, कारण दंव काढणारे घरगुती फ्रीज अधूनमधून स्वतःच थोडे गरम होतात आणि गोठणं-वितळणं-गोठणं हे द्रावणाशिवायच्या नमुन्याला सगळ्यात वाईट. लॅबमध्ये आल्यावर उणे ८०, आणि बाहेर काढाल ती नळी त्याच दिवशी वापरा.

## ८. डीएनए काढणं

इथं दोनच गोष्टींवर सगळं अवलंबून आहे.

पहिली: बारीक मण्यांनी जोरात घुसळणं, ज्याला बीड बीटिंग म्हणतात. घोड्याच्या लिदीत जाड भिंतीचे ग्राम पॉझिटिव्ह जिवाणू ढीगभर, नुसत्या एन्झाइमनं ते फुटत नाहीत, आणि मग बॅक्टेरॉइडोटा गट जास्त आणि जाड भिंतीवाल्यांचा बॅसिलोटा गट कमी असं खोटं चित्र येतं. घुसळायचा वेळ आणि वेग सगळ्या नमुन्यांना तोच.

दुसरी: क्रम मिसळणं. सोमवारी सगळे मारवाडी आणि मंगळवारी सगळे भीमथडी असं करू नका. माणूस सवयीनं तसंच करतो कारण डब्यात तशाच ठेवलेल्या असतात. डीएनए काढायच्या किटची पेटी बदलली, मशिनवरचा माणूस बदलला, की त्याचा फरक जातीच्या फरकात मिसळला आणि गेलं काम. नमुन्यांना नंबर द्या, चिठ्ठ्या टाकून क्रम काढा, प्रत्येक तुकडीत सगळ्या जाती आणि सगळे तबेले येऊ देत. प्रत्येक तुकडीसोबत एक रिकामं किट (लीद न घालता चालवलेलं) आणि एक तयार मिश्रण ज्यातले जिवाणू आधीच माहीत आहेत, हे दोन्ही चालवा.

इथेनॉलमधला नमुना घेताना आधी फिरवून अल्कोहोल नीट काढून टाका, उरलं तर पुढचं पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवणं) अडतं. वनस्पतींमधले पदार्थही अडवतात, तेव्हा पीसीआर नाही झालं तर डीएनए घालून वाढवायच्या ऐवजी १० पट पातळ करून बघा, बहुतेक वेळा होतं.

चेक: रिकाम्या किटमध्येही पीसीआरला ठळक पट्टा आला का? आला तर पुढं जाऊ नका, आधी कुठं घाण आहे ते शोधा.

## ९. सिक्वेन्सिंग सांगताना

१६एस जीन, ज्यावरून जिवाणू ओळखतात तो, साधारण १,५०० अक्षरांचा, त्यात ९ बदलते भाग, व्ही१ ते व्ही९. बहुतेक लोक व्ही३-व्ही४ किंवा नुसता व्ही४ घेतात. कुठलाही घ्या, पण अभ्यासाच्या मध्यात बदलू नका आणि दुसऱ्याच्या व्ही४ च्या डेटाशी आपला व्ही३-व्ही४ चा डेटा जोडून एक ग्राफ काढू नका. नमुन्यामागं ३० ते ५० हजार रीड (वाचलेले डीएनएचे तुकडे) पुरतात, उरलेले पैसे जास्त घोड्यांवर घाला. कंपनीला कच्च्या फाइली मागा, "आम्ही साफ करून देतो" म्हणाले तरी कच्च्या मागाच. रिकामे नमुनेही त्याच रनमध्ये पाठवा, पैसे वाचवायला तेच गाळले जातात आणि नंतर पस्तावायला होतं.

## १०. डेटा साफ करणं

आधी प्रायमर (पीसीआर सुरू करायला लावलेले छोटे तुकडे) कापा. मग लांबी ठरवताना गणित करा, आणि इथं फार लोक आपटतात. व्ही३-व्ही४ चा तुकडा प्रायमर काढल्यावर साधारण ४२५ अक्षरांचा. तो दोन्ही टोकांकडून वाचलेला असतो, पुढचा रीड २६० ला आणि मागचा २१० ला कापलात तर बेरीज ४७०, म्हणजे मध्ये ४५ अक्षरांचा एकमेकांवर चढ राहतो, जुळतात. दर्जाचा ग्राफ बघून घाबरून २३० आणि २०० ला कापलात तर बेरीज ४३०, चढ ५ अक्षरांचा. डाडा२ ला (रीड साफ करून जोडणारं सॉफ्टवेअर) निदान १२ लागतो. मग निम्म्याहून जास्त रीड गायब होतात, जे थोडे आखूड तुकड्याचे जिवाणू आहेत तेवढेच वाचतात, आणि तुम्ही त्यालाच घोड्याचं पोट समजता.

चेक: प्रत्येक पायरीनंतर किती रीड उरले ह्याचा तक्ता काढा. जोडणीच्या पायरीत एकदम मोठी गळती दिसली तर मागं जा.

नंतर नावं लावा, सिल्वा डेटाबेस चालेल. मग क्लोरोप्लास्ट (वनस्पतींच्या पेशीतले हिरवे कण) आणि मायटोकॉन्ड्रिया (पेशीतले ऊर्जा देणारे कण) काढून टाका. घोडा गवत खातो, गवताचे क्लोरोप्लास्ट १६एस मध्ये जिवाणू म्हणून येतात, आणि हिरवं खाणाऱ्यात ते जास्त, म्हणजे काढले नाहीत तर परत तोच चाऱ्याचा फरक जातीच्या नावावर.

मग नुसतं डोळ्यांनी बघा. वर बॅसिलोटा आणि बॅक्टेरॉइडोटा असायला पाहिजेत, खाली ट्रेपोनेमा, फायब्रोबॅक्टर, व्हेरुकोमायक्रोबियोटा वगैरे. एखाद्या नमुन्यात एन्टरोबॅक्टेरिएसी किंवा स्यूडोमोनास अचानक फुगलेले असतील तर ती नळी उन्हात राहिली असावी. मातीतले जिवाणू खूप असतील तर कुणीतरी खालचा गोळा उचललाय. असे नमुने का वगळले ते आधी ठरवलेल्या नियमानं लिहून ठेवा, निकाल बघून मग नाही.

## ११. आता तुलना

नमुन्याच्या आतली विविधता (शॅनन, मोजलेले प्रकार) आणि नमुन्यानमुन्यांमधलं अंतर (ब्रे-कर्टिस, युनिफ्रॅक) हे दोन्ही काढा, पण "विविधता जास्त म्हणजे घोडा निरोगी" असं लिहू नका. माळरानावर २० प्रकारचं गवत-झाडोरा खाणाऱ्याची विविधता जास्त असायचीच.

अंतरावर पर्मानोव्हा (गटागटांतला फरक योगायोगाचा आहे का हे बघणारी चाचणी) चालवताना नुसतं "जात" घालू नका. तबेला, चंदीचे किलोमागचे ग्रॅम, वय हेही घाला, आणि जातीचा हिस्सा बाकी सगळं धरून झाल्यावर किती उरतो ते बघा. ही चाचणी करणाऱ्या, आर सॉफ्टवेअरमधल्या अडोनिस२ मध्ये ओळीनं तपासलं तर जो आधी लिहिला त्याला जास्त श्रेय मिळतं, "जात" आधी लिहिली की जातीचा फरक मोठा दिसतो, "तबेला" आधी लिहिला की छोटा. दोन्ही क्रमानं चालवून बघा, डोळे उघडतात. चाचणी नमुन्यांची जी अदलाबदल करून बघते ती तबेल्याच्या आतच होईल अशी अट घाला.

सोबत पसाऱ्याची चाचणी पण हवी. वाड्यावरचे घोडे एकमेकांपासून खूप वेगवेगळे आणि तबेल्यातले सगळे एकसारखे, असं असेल तर पर्मानोव्हा फरक दाखवतो पण तो मधल्या बिंदूचा नसून विखुरण्याचा असू शकतो.

कुठला जिवाणू कुठं जास्त हे बघायला साधी टी-टेस्ट नको. सिक्वेन्सिंगमधले आकडे टक्क्यांचे असतात, एक वाढला की बाकीचे आपोआप कमी दिसतात. ॲन्कॉम-बीसी, अल्डेक्स२ असली साधनं ह्यासाठीच आहेत. दोन साधनं चालवा, दोन्हीकडं जे आलं त्याच्यावरच बोला, आणि शेकडो जिवाणू तपासल्यावर पी-व्हॅल्यू दुरुस्त केल्याशिवाय एकही नाव लिहू नका.

१६एस वरून अंदाजानं काढलेली "कार्यं" (धागा पचवणं, अमुक व्हिटॅमिन वगैरे) फार जण निष्कर्षात टाकतात. तो अंदाज आहे, मोजमाप नाही. काटक भीमथडीचं पोट सुकं गवत जास्त चांगलं फोडतं असं म्हणायचं असेल तर पूर्ण मेटाजिनोम (नुसता १६एस नाही, लिदीतला सगळा डीएनए वाचणं) करा, नाहीतर गवत आणि लीद तोलून पचनाचा प्रयोग करा.

## १२. लिहिताना, आणि परत जाताना

पेपरमध्ये तबेल्यांचा तो पहिला तक्ता जसाच्या तसा द्या, चाऱ्याचे आकडे द्या, वगळलेले घोडे आणि कारणं द्या, रिकाम्या नमुन्यांत काय आलं तेही. कच्चा डेटा सार्वजनिक साठ्यात टाकताना प्रत्येक नमुन्यासोबत जात, तबेल्याचा कोड, ऋतू, चारा हे रकाने भरलेले असू देत, मालकाचं नाव-गाव नको. नुसतं "घोड्याची लीद" लिहून टाकलेले डेटा पडून राहतात, दुसऱ्या कुणाला वापरता येत नाहीत.

जातीचा फरक नाहीच निघाला तरी तसंच लिहा, सोबत किती घोडे होते आणि तेवढ्यांत किती मोठा फरक दिसू शकला असता ते सांगा.

आणि मालकांकडं एकदा परत जा. त्यांना ग्राफ दाखवू नका. चंदीचं माप, वजन, पीएच हे तुमच्याकडं आहेच, ज्याचा घोडा एका वेळी जास्त दाणा खातोय त्याला सांगा की तेवढाच दाणा दिवसातून तीन वेळा वाटून दे, आधी वैरण मग चंदी. एका मालकानं ते ऐकून लगेच तोबरा उतरवला आणि अर्धी चंदी परत डब्यात ओतली, आणि पुढच्या वर्षी मी न विचारता स्वतः फोन करून म्हणाला, साहेब लीद न्यायला कधी येताय.